विहिरीपाशी रांगणारं मूल

मी मुळातच भित्री. नाशिकला होते तेव्हा माझी भीती साधी होती. गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, एवढीच. सौदीत हुफूफला आल्यावर तिला नवे विषय मिळाले. इकामा, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचं कार्ड, घरी विसरलं तर? पिवळ्या सिग्नलला गाडी पुढे गेली तर? नवऱ्याच्या कंपनीनं उद्या ‘खलास’ म्हटलं तर? इथल्या खजुराची सगळ्यात गोड जातही ‘खलास’च. सुरुवातीला बाजारात तो शब्द कानावर पडला की मी जागीच थांबायचे. मग कळायचं, कुणीतरी नुसता भाव विचारतंय.

आमच्या कंपाउंडमध्ये बहुतेक घरं भारतीयांची, थोडी फिलिपिनो लोकांची, आणि आमच्या शेजारी एक चिनी जोडपं. नवरा कुठल्याशा पाइपलाइनच्या कामावर. बायको साठीच्या आसपासची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. संध्याकाळी ऊन उतरलं की त्या पाण्याची बादली आणि झाडूएवढा लांब ब्रश घेऊन अंगणात यायच्या आणि फरशीवर पाण्यानं अक्षरं काढायच्या. पहिलं अक्षर वाळायच्या आत वाक्य पुरं करायचं, हा त्यांचा खेळ. सप्टेंबरात तो खेळ ऊनच जिंकायचं.

मी रोज पाहत उभी राहायचे. एके दिवशी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. त्यांना मोडकं इंग्रजी येत होतं, माझं चिनी शून्य, उरलेलं काम फोनवरचं भाषांतर करायचं. त्यांच्या शाळेतली मुलं त्यांना ‘लाओशी’ म्हणत, म्हणजे बाई, गुरुजी. मीही तेच म्हणू लागले. त्या मला ‘मेइमेइ’ म्हणत, धाकटी बहीण.

लाओशी लिहायच्या ती सगळी जुनी वचनं. त्यांच्या आजोबांनी त्यांच्याकडून घोटून घेतलेली, आणि मग त्यांनी शाळेतल्या मुलांकडून. माणसानं स्वतःला कसं घडवावं याची. जेडचा दगड कोरल्या-घासल्याशिवाय त्याचं भांडं होत नाही, असं एक होतं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. त्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते माझ्याकडून देवनागरीत फरशीवर लिहून घेतलं.

दुसरं एक होतं, चांगल्या माणसानं एकटं असताना जास्त जपून राहावं. मला ती सुरक्षिततेची सूचना वाटली.

“मी तर नेहमी आतून कडी लावून घेते,” मी म्हटलं.

लाओशी खूप हसल्या. “चोरापासून नाही, मेइमेइ. स्वतःपासून.”

आणि तिसरं विहिरीचं. विहिरीच्या काठाशी एखादं मूल रांगत निघालेलं दिसलं, तर पाहणारा कुणीही असो, त्याचं काळीज दचकतंच. त्याला बक्षीस नको असतं, लोकांनी वाहवा करावी असंही नसतं. मूल ओळखीचंही नसतं. तरी दचकतं. फोननं त्या दचकण्याला काहीतरी विचित्र शब्द दिला होता. मी म्हटलं, आमच्याकडे याला अचूक शब्द आहे, ‘धस्स’. काळजात धस्स होतं. त्यांनी तो दोन-तीनदा उच्चारून पाहिला.

“चांगुलपणाची सुरुवात तिथून होते,” त्या म्हणाल्या.

“मग माझ्यासारखी भित्री बाई म्हणजे भलतीच चांगली.”

“सुरुवात चांगली,” त्या म्हणाल्या. “पुढचं शिकावं लागतं.”

नव्या खजुराचा हंगाम होता. गाडीचा परवाना मला त्याच वर्षी मिळाला होता. लाओशींना झाडावरून नुकता उतरवलेला ओला खजूर हवा होता, म्हणून एका दुपारी, उतरत्या उन्हाची असरची नमाज होऊन गेल्यावर, आम्ही दोघी निघालो. माझा मुलगा घरी अभ्यास करत बसला होता. नवरा कामावर. गावाबाहेर खजुराच्या बागांमधून जाणाऱ्या वाटा अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती आणि कडेनं सिमेंटचे पाट. त्या वाटांवर समोरून गाडी आली की माझा श्वास अडकतो. त्या दिवशी समोरून कुणीच आलं नाही.

एका वळणावर एक छोटा पिकअप उभा होता. दार उघडं, इंजिन चालू. आणि पुढच्या चाकाजवळ एक म्हातारा माणूस पडला होता. अंगात थोब, इथला पायघोळ पांढरा झगा, डोकं पाटाच्या काठावर, आणि काठावरून रक्ताचा ओघळ पाण्यात उतरलेला.

मी ब्रेक मारला, पण तो नुसता पायानं मारला. डोक्यात लगेच दुसरंच सुरू झालं. इथे आल्यापासून प्रत्येकानं मला हेच सांगितलं होतं: रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर हात लावू नका, थांबू नका, तुमच्यावरच येईल. तुम्ही परके. हा तर इथला माणूस. आजूबाजूला एकही साक्षीदार नाही. आणि माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूला चांगला मोठा पोचा होता. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये खांबाला घासल्याचा, पण ते मला माहीत.

“पुढे जाऊन फोन करू,” मी म्हटलं. 

लाओशींनी दार उघडलं होतं.

“लाओशी, हात नका लावू. पोलीस आपल्यालाच धरतील.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

त्या गुडघ्यांवर बसल्या. आपला स्कार्फ काढून त्याची घडी त्यांनी म्हाताऱ्याच्या जखमेवर दाबून धरली. तो श्वास घेत होता. डोळे अर्धवट उघडे होते आणि ओठ हलत होते. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाला इंग्रजी येत होतं. मी लोकेशन पाठवलं. तो म्हणाला, त्या बागांमधल्या वाटा नकाशावर नीट दिसत नाहीत, ड्रायव्हर चुकतो, तुमच्यापैकी कुणीतरी मोठ्या रस्त्यावर येऊन उभं राहा.

म्हणजे लाओशींना तिथे एकटं सोडून मला जायचं होतं. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मानेनं हो म्हटलं. नजर म्हाताऱ्याच्या तोंडावरून काढली नाही.

मोठ्या रस्त्याच्या कडेला मी गाडी लावली, लाल दिवे चमकत ठेवले आणि नवऱ्याला फोन केला. झालं ते एका दमात सांगितलं.

“तू कुठे आहेस आत्ता?”

“मेन रोडवर. ॲम्ब्युलन्सची वाट बघतेय.”

“घरी ये.”

“अरे, लाओशी तिथे आहेत.”

“त्यांच्या नवऱ्याला मी फोन करतो. तू घरी ये. पोरगा एकटा आहे घरात. तुला कळतंय का, तो माणूस गेला तर काय होईल?”

कळत होतं. घराकडे जाणारा रस्ता समोर सरळ होता. गाडीत मी एकटी. लोकेशन तर पाठवलंच आहे, सापडतील त्यांना, हे मी स्वतःला समजावून सांगत होते, आणि ते अगदी पटत होतं.  कुठलंही वचन मला त्या वेळी आठवलं नाही. आठवल्या त्या लाओशींच्या चपला. गुडघ्यांवर बसताना त्यांनी त्या काढून नीट बाजूला, जोडीनं ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा.

“मी येत नाही,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्याचा फोन असा मी कधीच ठेवला नव्हता.

ॲम्ब्युलन्स आली. मी तिच्या पुढे गाडी घेतली. वळणावर पोचले तर तिथे आणखी एक गाडी उभी होती आणि एक धिप्पाड माणूस लाओशींवर ओरडत होता. म्हाताऱ्याचा मुलगा. वडील फोन उचलत नाहीत म्हणून बागेकडे आला होता. वडिलांच्या डोक्याशी रक्तानं माखलेली एक परदेशी बाई, असं त्यानं पाहिलं. लाओशी जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी स्कार्फही सोडला नव्हता. तो ओरडत असताना त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “ॲम्ब्युलन्स. ॲम्ब्युलन्स.”

म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं, आणि तेव्हा मुलाची नजर माझ्या गाडीवर गेली. तो चालत आला. पुढच्या पोच्यावर त्यानं बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही मारलंत,” तो इंग्रजीत म्हणाला. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून तो जास्त भयंकर वाटला.

“नाही,” मी म्हटलं. “आम्ही आलो तेव्हा ते पडलेले होते.”

“मग थांबलात कशाला?”

मग पोलीस आले आणि आम्हा दोघींना गाडीसकट चौकीत घेऊन गेले. तास-दीड तासानं पोलीस चौकीतल्या अधिकाऱ्यानंही हाच प्रश्न विचारला. तो तरुण होता, आवाज न चढवता बोलत होता, आम्हाला पाणीही दिलं. पण प्रश्न तोच. ओळख ना पाळख, मग थांबलात कशाला? आमचे दोघींचे इकामे त्यानं समोर ठेवून घेतले होते. ती दोन कार्डं त्याच्या हाताखाली होती, आणि माझं सगळं घर त्या कार्डाच्या आधारावर उभं होतं.

लाओशी शेजारच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. बाहीवरचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं.

“तुम्हाला भीती नाही वाटत?” मी हळूच विचारलं.

“वाटते ना.” त्यांनी रक्ताची बाही आत दुमडून घेतली. 

“माझ्या मोठ्या भावानं एकदा बाजारात पडलेल्या बाईला उचललं,” त्या म्हणाल्या. मोडक्या इंग्रजीत आणि फोनच्या आधारानं, थांबत थांबत. “ती म्हणाली, यानंच ढकललं. भाऊ कोर्टात फिरून फिरून म्हातारा झाला. आमच्याकडेही लोक थांबत नाहीत.”

“आणि तरी तुम्ही उतरलात?”

“ते विहिरीचं वचन आहे ना, त्यात तो माणूस पुढे काय करतो ते लिहिलेलं नाही. नुसतं दचकतो, एवढंच आहे. माझी मुलं दरवर्षी विचारायची, बाई, मग त्यानं मुलाला धरलं का? मी म्हणायचे, ते तुमच्यावर आहे.” त्यांनी टेबलावरच्या इकाम्यांकडे पाहिलं. “आयुष्यभर मुलांना असं सांगितल्यावर गाडीत कसं बसून राहायचं?”

नवरा आला तो कंपनीच्या मंदूबाला घेऊन. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस. त्याच्या मागे लाओशींचा नवरा होता, कामाच्याच कपड्यांत. मंदूबानं अरबीत बराच वेळ बोलणं केलं. शेवटी ठरलं ते असं: आम्ही घरी जायचं, इकामे चौकीतच राहणार, गाडीही तिथेच. डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत शहर सोडायचं नाही.

“आणि ते गेले तर?” नवऱ्यानं विचारलं.

मंदूबानं दोन्ही हात वर केले. “अहवाल काय म्हणतो त्यावर.”

घरी पोचलो तेव्हा रात्रीची, इशाची अजान होत होती. मुलगा दारातच उभा होता. “मम्मा, आर यू गोइंग टू जेल?” त्यानं विचारलं. मी त्याला जवळ घेतलं आणि नाही म्हटलं. ते त्याला पटलं नसणार, पण त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. नवरा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. रागावला नव्हता, घाबरला होता, आणि घाबरल्यावर तो गप्प होतो. दाराची बेल वाजली की आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचो. कंपाउंडमधल्या बायका भेटायला आल्या. एक म्हणाली, तुला कुणी सांगितलं होतं उतरायला. दुसरी म्हणाली, देव आहे, पण तिच्या तोंडावर दिसत होतं की तो या देशात असेलच याची तिला खात्री नाही. घरून आईचा फोन आला की मी हवापाण्याचं बोलायचे.

लाओशी अंगणात येईनाशा झाल्या होत्या. मी गेले तर त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नुसत्या बसलेल्या. स्कार्फ बादलीत भिजत होता, आणि पाणी बदलून बदलूनही गुलाबीच होत होतं.

“मी चुकले का, मेइमेइ?” त्यांनी विचारलं. “तुझं मूल लहान आहे. माझी मुलं मोठी झालीत. मी उतरले माझ्या जिवावर, आणि ओढलं तुला.”

मी म्हटलं, ब्रेक मी मारला होता. ते खरं होतं. पण मला त्यांचा राग येत होता हेही खरं होतं, आणि त्यांना ते कळत होतं.

मग मंदूबाचा फोन आला. म्हातारा गेला होता.

नवऱ्यानं फोन ठेवला आणि तो डायनिंग टेबलाशी बसला. मीही बसले. गॅसवर भात लागत होता, त्याचा वास येत होता, तरी कुणी उठेना. मनात मी केव्हाच विमानतळावर पोचले होते. तिथून मला परत पाठवत होते, किंवा त्याहून वाईट, पाठवत नव्हते. नवरा एवढंच म्हणाला, “पोराला आत्ता काही सांगू नकोस.”

अहवाल त्यानंतर आला. मेंदूतली रक्तवाहिनी आधी फुटली होती, त्यामुळे तोल जाऊन ते पडले आणि डोकं काठावर आपटलं. गाडीचा धक्का लागल्याची खूण अंगावर कुठेच नव्हती. मंदूबानं इकामे आणि गाडी आणून दिली. माझं कार्ड मी हातात घेतलं तेव्हा मला आनंद झाला नाही. फक्त खूप झोप आली, आणि मी भर दुपारी झोपले.

प्रकरण इथे संपलं असं आम्हाला वाटलं होतं. पण थोड्या दिवसांनी कंपाउंडच्या गेटवरून निरोप आला, त्या माणसाचा मुलगा आलाय आणि दोन्ही बायकांना भेटायचं म्हणतो. नवरा म्हणाला, जायचं नाही. लाओशी तोवर दुसरा स्कार्फ बांधून तयार होत्या. शेवटी आम्ही तिघं गेलो. गेटजवळच्या पाहुण्यांच्या खोलीत तो बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याला पाहताच मी नवऱ्याच्या मागे सरकले.

तो उठून उभा राहिला. “त्या दिवशी मी बोललो ते बोललो,” तो म्हणाला. “मला एकच विचारायचं आहे. माझे वडील काही म्हणाले का?”

मी लाओशींकडे पाहिलं. मी तर मोठ्या रस्त्यावर होते.

“मोया,” लाओशी म्हणाल्या. अरबीत पाणी. तेवढा एक शब्द त्यांना बाजारात फिरून कळू लागला होता. “दोन वेळा म्हणाले. मी पाजलं नाही. ठसका लागला असता. कापसाचा बोळा नव्हता, म्हणून रुमाल भिजवून ओठांना लावला. त्यांनी तो चोखला.”

त्यानं डोळे मिटले.

“मग?”

“मग आणखी काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही.”

“माझं नाव होतं का?” तो पुढे झुकला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. हळू, मुलाला शिकवावं तसं. पुन्हा सांगितलं. “असं काही ऐकू आलं का? किंवा अल्लाचं नाव? कलमा? आठवा.”

 हो म्हणा, मी मनात म्हणत होते. हो म्हणा आणि संपवा. कोण तपासणार आहे? त्याला बरं वाटेल, तो जाईल, पुन्हा येणार नाही. नवराही माझ्याकडे बघत होता, म्हणजे त्याच्याही मनात तेच होतं.

लाओशींनी बराच वेळ विचार केला. मग नकारार्थी मान हलवली.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “शब्द छोटा होता. मला अरबी येत नाही. मी तुम्हाला चुकीचा शब्द दिला, तर तो तुमच्याजवळ कायमचा राहील.”

 मला वाटलं, आता तो ओरडणार. त्याच्या मुठी वळल्या होत्या, मी त्यांच्याकडेच बघत होते.

“घरी येणारा प्रत्येक जण मला सांगतो, शेवटी त्यांच्या तोंडी देवाचं नाव असेल,” तो म्हणाला. “तिथे त्यांच्यापैकी कुणी नव्हतं. तुम्ही होतात.” मग थांबून त्यानं विचारलं, “त्यांचं डोकं कुठे होतं? तुम्ही कुठे बसला होतात? मला दाखवाल?”

मला त्या वाटेवर जायचं नव्हतं. गाडी चौकीतून परत आल्यापासून मी तिला हातही लावला नव्हता. नवरा म्हणाला, मी चालवतो. पण लाओशी माझ्याशेजारच्या सीटवर बसून पट्टा लावूनही मोकळ्या झाल्या होत्या, आणि किल्ली माझ्या हातात होती. नवरा मागे बसला. म्हाताऱ्याचा मुलगा आपल्या गाडीनं पुढे.

वळणावर तो थांबला. लाओशी उतरल्या आणि त्यांनी जागा दाखवली. इथे डोकं. इथे मी. पाय असे, पिकअपकडे. त्या वाकून बसल्या आणि हात कसा धरला होता ते त्यांनी हवेत दाखवलं. पाटाला पाणी होतं. काठ कुणीतरी धुऊन टाकला होता.

तो लाओशींच्या जागी जाऊन बसला. थोब मातीत मळला तरी त्याचं लक्ष नव्हतं. लाओशी परत गाडीत आल्या. आम्ही तिघं आत बसून राहिलो, कुणी एसीही वाढवला नाही. माझा पाय ब्रेकवरच होता. गाडी बंद करावी हेही मला सुचलं नाही. नवऱ्यानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

बऱ्याच वेळानं तो उठला. पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं तोंड धुतलं आणि आमच्याकडे न बघता हातानं खूण केली, जा. वाट अरुंद होती. मागे-पुढे करत करत, दोनदा भिंतीला लागता लागता, मी गाडी वळवली.